गोव्यातील हौशी छायाचित्रकाराचा राखीव कॅमेरा: कसा निवडावा, कसा पारखावा, कसा जपावा

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्ण मंदिराच्या मैदानात चिखलकाला रंगतो, तेव्हा अंगाला तेल चोपडलेली माणसे, वरून कोसळणारा पाऊस आणि चहूकडे उडणारा चिखल यांच्या मधोमध उभे राहून छायाचित्रे काढावी लागतात. काही वर्षांपूर्वी याच मैदानात माझ्या मुख्य कॅमेऱ्याचे शटर अर्ध्यावर अडकले, पडद्यावर त्रुटीचा संदेश आला आणि बॅटरी काढून पुन्हा बसवली तरी कॅमेरा काही जागा झाला नाही. काला ऐन रंगात होता आणि पिशवीत दुसरा कॅमेरा नव्हता. पुढच्या वर्षी मी एक जुनी, कुणीतरी वापरलेली १२ मेगापिक्सेलची बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) घेऊन गेलो. त्या दिवशी टिपलेल्या एका छायाचित्रात लहान मुलाच्या पापणीवर लोंबणारा चिखलाचा थेंब आणि त्या थेंबात उलटे दिसणारे आभाळ इतके स्वच्छ आले आहे, की ते कोणत्या कॅमेऱ्याने काढले हे आजवर कोणी विचारलेले नाही. तेव्हापासून स्वस्त आणि राखीव कॅमेऱ्यांविषयी जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो.

खरेदीला निघण्यापूर्वी राखीव कॅमेरा नेमका कशासाठी हवा, हे ठरवावे. मुख्य कॅमेरा बंद पडला तर त्याची जागा घेण्यासाठी हवा असेल तर निवड एका प्रकारे करावी लागते. मुख्य कॅमेरा नेण्याचे धाडस होत नाही अशा ठिकाणी नेण्यासाठी हवा असेल तर ती अगदी वेगळी होते. दोन्ही गरजा एकाच कॅमेऱ्यात भागवू पाहणारे बहुतेक जण शेवटी असा कॅमेरा घेतात, जो मुख्य कॅमेऱ्याच्या लेन्स स्वीकारत नाही आणि पावसातही नेता येत नाही.

पहिल्या प्रकारासाठी माझा नियम सोपा आहे: लेन्सचा माउंट (लेन्स बॉडीला जोडण्याची खाच), बॅटरी आणि कार्ड या तिन्ही गोष्टी मुख्य कॅमेऱ्याशी जुळल्या पाहिजेत, आणि तिन्ही जुळत नसतील तर माउंटच्या बाबतीत तरी तडजोड करू नये. बॅटरी जुळण्याचे महत्त्व जत्रेच्या रात्री कळते, कारण तेव्हा दोन चार्जर सांभाळण्याची कटकट वाचते आणि एका कॅमेऱ्याची बॅटरी दुसऱ्याच्या कामी येते. कॅननच्या १३००डी आणि १५००डी या दोघांना एलपी-ई१० हीच बॅटरी लागते. २००डी, ७५०डी आणि ८००डी यांना एलपी-ई१७ लागते. ६०डी, ७०डी, ८०डी आणि ६डी यांना एलपी-ई६ चालते. निकॉनमध्ये डी३१०० पासून डी३५०० पर्यंतच्या आणि डी५१०० पासून डी५६०० पर्यंतच्या बॉडींना ईएन-ईएल१४ किंवा तिची १४ए ही सुधारित आवृत्ती लागते, तर डी७०००, डी७१००, डी७२००, डी६१० आणि डी७५० यांना ईएन-ईएल१५ लागते. सोनीच्या ए६०००, ए६३०० आणि ए६४०० या तिघांची बॅटरी एकच, एनपी-एफडब्ल्यू५०. म्हणजे ज्याच्याकडे डी७५० आहे त्याने राखीव म्हणून डी७००० किंवा डी७२०० घ्यावा. लहान सेन्सरमुळे (सेन्सर म्हणजे चित्र टिपणारा भाग) ३०० मिलिमीटरची लेन्स त्यावर ४५० मिलिमीटरसारखी वागते, हा लाभही पदरात पडतो. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरून सलीम अली पक्षी अभयारण्यात जाणाऱ्याला किंवा करमळीच्या तळ्याकाठी पहाटे बसणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

निकॉन घेणाऱ्याने एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. डी३००० आणि डी५००० मालिकेतील बॉडींमध्ये फोकस मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात खऱ्या, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. डी९० आणि डी७००० मध्ये ही मोटर आहे. घरात वडिलांच्या किंवा काकांच्या फिल्म कॅमेऱ्याबरोबरच्या एएफ-डी लेन्स पडून असतील, तर थोडे अधिक पैसे मोजून डी७००० घेणे शेवटी स्वस्तात पडते. कॅननच्या १९८७ पासूनच्या सर्व ईएफ लेन्स कॅननच्या कोणत्याही ईओएस डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) आपोआप फोकस होतात, म्हणून तेथे हा प्रश्न येत नाही.

अगदी कमी पैशांत सुरुवात करणाऱ्याला मी आजही निकॉन डी३५०० किंवा कॅनन २००डी सुचवतो. डी३५०० हा २०१८ मधील कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असून एकदा चार्ज केलेल्या बॅटरीवर प्रमाणित चाचणीनुसार १,५५० छायाचित्रे देतो. नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पणजी-फोंडा करत फिरणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय कोणती? २००डी चा पडदा बाहेर उघडून फिरवता येतो, त्यामुळे शिगमोच्या (गोव्यातील होळीच्या उत्सवाच्या) गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरूनही चौकट नीट दिसते. ज्यांना वजन नको त्यांच्यासाठी २०१४ चा सोनी ए६००० अजूनही जलद आणि भरवशाचा आहे. बॅटरी मात्र लवकर संपते, तेव्हा किमान तीन बाळगाव्यात. मेगापिक्सेलच्या आकड्यांना घाबरून जुन्या बॉडीकडे पाठ फिरवू नये. निकॉन डी९० च्या १२ मेगापिक्सेलच्या छायाचित्राची ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छपाई केली तरी रुंदी १४ इंचांहून अधिक भरते, आणि घरातील भिंतीला तेवढे पुरेसे असते.

बॉडीवर सगळे पैसे संपवू नयेत. निदान तिसरा हिस्सा लेन्ससाठी राखावा, असे माझे ठाम मत आहे. कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम किंवा निकॉनची डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८जी या दोन्ही लेन्स स्वस्त आणि हलक्या आहेत. एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे; किट लेन्स (बॉडीबरोबर मिळणारी साधी लेन्स) पूर्ण ताणल्यावर एफ/५.६ वर येते, आणि त्या मानाने एफ/१.८ ची लेन्स नऊ ते दहा पट प्रकाश आत घेते. परवानगी घेऊन देवळाच्या चौकात समयांच्या उजेडात चाललेली आरती टिपायची असेल, तर नवी बॉडी आणि किट लेन्स यांच्यापेक्षा जुनी बॉडी आणि ही लेन्स अधिक चांगले काम देतात.

दुसऱ्या प्रकारचा राखीव कॅमेरा, म्हणजे पावसात आणि पाण्यात नेण्याचा. २४ जूनला सांजांवच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) दिवशी डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारणाऱ्या मुलांच्या जवळ जायचे असेल, तर ऑलिंपस टफ टीजी-६ सारखा कॉम्पॅक्ट कॅमेरा उपयोगी पडतो, जो कोणत्याही आवरणाशिवाय १५ मीटर खोल पाण्यात चालतो. त्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे अंधारात चित्र दाणेदार येते, हे आधीच स्वीकारलेले बरे. असा कॅमेरा वापरलेला घेताना मात्र दाराच्या रबरी कडा तपासाव्यात, आणि त्या कडक झालेल्या किंवा चिरलेल्या असतील तर तो पावसापुरताच वापरावा. समुद्राच्या पाण्यातून बाहेर आल्यावर झाकणे बंद ठेवूनच तो गोड्या पाण्याच्या बादलीत काही वेळ बुडवून ठेवावा. पाण्यात जायचे नसेल आणि खिशात मावणारा चांगला कॅमेरा हवा असेल, तर एक इंची सेन्सरचा सोनी आरएक्स१०० पाहावा. त्याची २०१२ ची पहिली आवृत्तीसुद्धा २० मेगापिक्सेलची सुंदर चित्रे देते. मोबाइल असताना हे कशाला, असे अनेक जण विचारतात. भर उन्हात मोबाइल उत्तमच आहे, पण ओल्या बोटांनी त्याचा पडदा ऐकत नाही, आणि पाणी शिरून तो गेला तर छायाचित्रांबरोबर घरी फोन करण्याची सोयही जाते.

आता पारखण्याकडे वळू, कारण गोव्यात वापरलेला कॅमेरा घेताना सर्वांत जास्त फसगत येथेच होते. आपल्या हवेत मीठ आहे आणि पावसाळ्याचे चार महिने दमट असतात, म्हणून इतर ठिकाणी जे दोष क्वचित दिसतात ते येथे नेहमीचे आहेत. भेट दिवसा ठरवावी आणि जाताना स्वतःचे कार्ड, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि एक छोटी टॉर्च बरोबर न्यावी. प्रथम कॅमेरा उलटा करून तळाचे स्क्रू, ट्रायपॉडचे भोक, पट्टा अडकवण्याच्या कड्या आणि वरची फ्लॅशची खाच पाहावी. किनाऱ्यावर सतत वापरलेला कॅमेरा पुसून चकचकीत करता येतो, पण स्क्रूच्या खाचेत बसलेला तांबूस गंज किंवा पांढरी पूड सहसा कोणी काढत नाही. बॅटरीच्या कप्प्यातील पितळी पट्ट्यांवर हिरवट डाग दिसला, तर किंमत कितीही कमी असली तरी मी उठून निघतो, कारण आत पाणी जाऊन आल्याची ती खूण असते.

त्यानंतर लेन्स. दोन्ही बाजूंची झाकणे काढून छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, मागच्या बाजूने टॉर्च तिरकी धरावी आणि पुढून पाहावे. सरळ पाहिल्यास काहीच दिसत नाही; लेन्स हळूहळू फिरवत गेले की एका विशिष्ट कोनात बुरशी उजळते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, किंवा खिडकीच्या काचेवर थंडीत दव धरते तशी कडेने पसरलेली नक्षी दिसली, तर ती बुरशीच समजावी. सुटे ठिपके बहुधा धुळीचे असतात आणि त्यांनी चित्राचे काही बिघडत नाही. बुरशी मात्र काचेवरचा लेपच खाते, त्यामुळे साफ केल्यावरही डाग राहतात. अशी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून घेण्याचा मोह टाळावा.

मग बॉडी चालवून पाहावी. लेन्सचे छिद्र एफ/१६ वर ठेवून, फोकस मुद्दाम चुकवून आकाशाचे एक छायाचित्र काढावे. त्यात दिसणारे राखाडी गोल ठिपके सेन्सरवरच्या धुळीचे असतात व साफ होतात, पण रेष दिसली तर तो ओरखडा असण्याची शक्यता असते. नंतर त्याच आकाशाची सर्वांत जलद शटरगतीने चार-पाच छायाचित्रे काढावीत. एखादीत अर्धी चौकट काळपट आली, तर शटर थकले आहे असे समजावे. झाकण लावून ३० सेकंदांचे एक छायाचित्र घ्यावे, ज्यात दोन-चार चमकते ठिपके असणे नेहमीचे आहे, परंतु तारांगण दिसता कामा नये. शेवटी खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर, मग दारातून दिसणाऱ्या दूरच्या माडावर फोकस करून पाहावा आणि दोन्ही छायाचित्रे पडद्यावर मोठी करून तपासावीत.

शटर किती वेळा चालले आहे हा आकडा निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो आणि तो संगणकावर वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींच्या फाइलमध्ये तो मिळत नाही. डी७००० चे शटर १,५०,००० वेळांच्या चाचणीतून गेलेले आहे, हा अंदाजाला उपयोगी पडणारा आकडा आहे, पण तो ओलांडला म्हणजे कॅमेरा संपला असे होत नाही. लग्नाच्या कामात वापरलेली जास्त आकड्याची पण नीट जपलेली बॉडी, चार पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या कमी आकड्याच्या बॉडीपेक्षा मला अधिक विश्वासाची वाटते. मूळ पावती मागावी, आणि तिच्यावरचा क्रमांक बॉडीच्या तळावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

राखीव कॅमेरा घेतला की तो कपाटात जातो, आणि नेमका तेथेच तो बिघडतो. चामड्याची किंवा कापडी पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून तिच्यात कॅमेरा कधीच साठवू नये. कोरडे कपाट (आतली आर्द्रता कमी ठेवणारे विजेवरचे कपाट) परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहावा. नारिंगी जेल ओल शोषून हिरवे होते, तेव्हा ते तापवून पुन्हा वापरता येते. निळे जेल मात्र घेऊच नये, कारण त्यातील कोबाल्टचे क्षार विषारी असतात. कोणतेही जेल स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. जेलऐवजी तांदूळ घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे, परंतु तांदळाची पीठ-धूळ लेन्सच्या फिरत्या कड्यांत शिरते, म्हणून मी ती सोडून दिली. आठवड्यातून एकदा डबा उघडून कॅमेरा हातात घ्यावा, झूम पुढे-मागे फिरवावी आणि पाच-दहा छायाचित्रे काढावीत. सतत वापरात असलेल्या लेन्सवर बुरशी सहसा बसत नाही. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर पिशवी उघडू नये. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लगेच धुके धरते, तेव्हा पिशवी बंदच ठेवून वीस-तीस मिनिटे थांबावे.

उत्सवाच्या आदल्या रात्री दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे मिनिटापर्यंत जुळवावीत, नाहीतर घरी आल्यावर दोन्ही कार्डांवरची शेकडो छायाचित्रे क्रमाने लावताना डोके धरून बसावे लागते. राखीव कॅमेऱ्याच्या फाइलनावाची सुरुवातीची अक्षरे सेटिंगमध्ये बदलता येत असतील तर तीही बदलावीत, म्हणजे एकाच क्रमांकाच्या दोन फाइल्स एकमेकींवर चढत नाहीत. बॅटऱ्या चार्ज करून आणि कार्डे रिकामी करून झाली, की राखीव कॅमेरा पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात, लेन्स लावलेल्या स्थितीत ठेवावा, कारण काल्याच्या मैदानात लेन्स बदलायला कोरडी जागा सापडत नाही.