गॅस मोठा केला म्हणून लवकर शिजत नाही! आचेच्या या चुका टाळा

नवशिक्याच्या हातात गॅसचं बटण दिलं की त्याला दोनच जागा माहीत असतात: बंद आणि पूर्ण मोठा. मधल्या जागा शोभेसाठी दिल्यात असं बहुधा त्याला वाटतं. आचेच्या निम्म्या चुका या एका सवयीतून होतात, म्हणून आधी तिचाच समाचार घेऊ.

बटाटे उकडायला ठेवलेत, पाणी खळाखळा उकळतंय, तरी गॅस पूर्ण मोठा. का? तर ‘लवकर शिजावेत म्हणून’. उघड्या भांड्यातलं पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि तिथेच अडतं. खाली कितीही जाळ घाला, पाणी आणखी गरम होणार नाही, फक्त वाफ जास्त होईल. ज्योत मोठी म्हणजे उष्णता जास्त, हे खरं. पण ती सगळी वाफ करण्यात खर्च होते आणि बटाट्याच्या वाट्याला १०० अंशच येतात. हिशोबच करायचा तर एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात आणि त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २२६०, म्हणजे सातपट. एवढं इंधन जाळून हाती काय येतं? ओलं छत आणि एकमेकांवर आपटून फुटलेले बटाटे.

मी उकळी फुटली की गॅस बारीक करते आणि झाकण ठेवते. उतू जायची भीती असेल तर झाकण जरा तिरकं. खरंच घाई असेल तर सुरी घ्या. तुकड्याची जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो, त्यामुळे बटाटा चिरण्यात घालवलेला एक मिनिट मोठ्या गॅसपेक्षा कितीतरी जास्त वाचवतो. नाहीतर कुकर लावा. आतल्या दाबामुळे त्यात पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी १६७९ मध्ये असं भांडं केलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. मात्र दाब तयार झाल्यावरही गॅस मोठा ठेवून शिट्ट्यांवर शिट्ट्या काढण्यात काही अर्थ नाही. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढंच. ३००० मीटर उंचीवर तर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे अन्न शिजत नाही म्हणून गॅस वाढवणारे भेटतात तेव्हा मी वाद घालत नाही, कुकर पुढे करते.

मोठा गॅस लागतो तो आटवताना. तिथे वाफ घालवणं हेच काम असतं, तेव्हा झाकणही काढा.

दुसरी चूक मला जास्त छळते: दाट पदार्थ गरम करायला ठेवून निघून जाणं. एका शिबिरात चाळीसेक जणांच्या सूपचं पातेलं एका उत्साही मुलाकडे सोपवलं होतं. पीठ लावून दाट केलेलं सूप, गार होऊन आणखी घट्ट झालेलं. त्याने पातेलं चढवलं, गॅस पूर्ण मोठा केला आणि तो वाट्या मांडायला गेला. थोड्या वेळाने मधोमध एक फुगा वर आला, फट्दिशी फुटला आणि सूप ओट्यावर उडालं. त्याने ‘उकळलं!’ असं जाहीर केलं. मी डाव घालून कडेचं सूप काढलं, तर ते कोमट. डाव तळाला टेकवला, तर खरखर लागली.

पातळ पाण्यात तळचं पाणी तापून हलकं होतं, वर येतं आणि वरचं गार पाणी खाली जातं. उष्णता अशी आपोआप फिरते. पीठ फुगून दाट झालेल्या सूपमध्ये हे फिरणं जवळजवळ बंद पडतं. तळाचा थर जागचा हलत नाही, त्यातलं पाणी उडून जातं आणि कोरडा झालेला थर १०० अंश ओलांडून करपायला मोकळा होतो. तो फुगा म्हणजे उकळी नव्हती, तळाशी कोंडलेली वाफ वाट काढून निघाली होती. मी ‘थांब’ म्हणेपर्यंत त्या मुलाने तळ खरवडून सगळं एकजीव केलं होतं. चाळीस वाट्या करपट सूप!

दाट पदार्थ गरम करताना मी आधी थोडं गरम पाणी घालते, गॅस बारीक ठेवते आणि सपाट टोकाच्या लाकडी उलथन्याने तळावरून रेघा ओढल्यासारखी ढवळते. डावाने वरच्यावर गोल फिरवणं म्हणजे ढवळल्याचं समाधान. एका हातात फोन धरूनही हे काम होत नाही. खाली लागलंच, तर तळाला हात न लावता वरचं लगेच दुसऱ्या पातेल्यात ओता आणि शेवटच्या दोन बोटांचा मोह सोडा. हेच दाट सूप गार करायचं असेल तेव्हाही पातेलं तसंच ठेवू नका. मध्यभाग तासन्‌तास गरम राहतो आणि ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. पसरट भांड्यांत उथळ ओता.

बाकीच्या चुका थोडक्यात. कढईत ठासून भरलं की भाज्यांना पाणी सुटतं, आणि ते उडेपर्यंत पदार्थ १०० अंशांवर रेंगाळतो. खरपूस रंग साधारण १४० अंशांपुढे येतो, म्हणून आधी पुसून कोरडं करा आणि एकच थर घाला; दोन घाणे काढायचा कंटाळा असेल तर रंगाची अपेक्षा ठेवू नका. पातळ स्टीलच्या भांड्यात ज्योतीच्या वरचा गोल तेवढाच करपतो, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत स्टील उष्णता फारच हळू पसरवतं. जाड बुडाचं भांडं घ्या.

तेलाला पाण्यासारखी १०० अंशांची अडकाठी नसते आणि तापायला त्याला पाण्याच्या निम्मीच उष्णता लागते, म्हणून ते बघताबघता धुरावर जातं. तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही. गॅस बंद, झाकण घट्ट.

गॅस बंद झाला तरी आतलं शिजणं थांबत नाही. अंडं हवं तसं होण्याच्या जरा आधीच काढून थंड पाण्यात टाका. आणि मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो, हे कृपया कुणाला सांगू नका. त्याच्या लहरी दोनेक सेंटिमीटरच आत शिरतात, पुढचं काम वाहत जाणाऱ्या उष्णतेचं असतं. मध्येच काढून ढवळा, बाहेर काढल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवा आणि मगच खा.