चार थरांचा चॉकलेट केक: सारण गनाशचे, आवरणही गनाशचे

थरांचा केक एका दिवसात उरकण्याचा आग्रह सोडावा. आदल्या संध्याकाळी केक भाजावा आणि दुसऱ्या दिवशी तो कापून, भरून, सजवावा. कोमट केकला गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेले चॉकलेट, लावण्याची घाई मी एका मे महिन्यात केली होती. वरचा थर पाहुण्यांच्या देखत सावकाश घसरत ताटाच्या काठाला टेकला, तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही.

पुढील प्रमाण 7 इंची दोन टिनांसाठी असून त्यात अंडे नाही. 240 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम कोको पावडर, दीड चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ एकत्र करून दोनदा चाळावे. दुसऱ्या भांड्यात 240 ग्रॅम दही, 250 ग्रॅम पिठीसाखर, 120 मिलिलिटर वास नसलेले तेल आणि चमचाभर व्हॅनिला इसेन्स एकजीव करावे. दही वगळून नुसते दूध घालू नये, कारण डच पद्धतीच्या गडद कोको पावडरीवर अल्कलीची प्रक्रिया झालेली असल्याने सोडा फुलवण्याइतकी आम्लता तिच्यात उरत नाही, आणि ते काम दह्यालाच करावे लागते. कोरडे मिश्रण घातल्यावर शेवटी 180 मिलिलिटर कडकडीत गरम कोरी कॉफी ओतून हलक्या हाताने ढवळावे. मिश्रण धिरड्याच्या पिठासारखे सैल दिसते, म्हणून घाबरून वर मैदा टाकू नये. बटर पेपर लावलेल्या टिनांत ते ओतून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंश सेल्सिअसवर 30 ते 35 मिनिटे भाजावे. केक जाळीवर पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत.

गनाशसाठी चॉकलेट घेताना वेष्टन वाचावे. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य चरबी असते. ते आळते चांगले, पण जिभेवर मेणचट थर मागे ठेवते. सारणासाठी 150 ग्रॅम डार्क चॉकलेटला 150 ग्रॅम क्रीम, तर आवरणासाठी 300 ग्रॅम चॉकलेटला 150 ग्रॅम क्रीम असे प्रमाण ठेवावे. 25 टक्के स्निग्धांशाचे नेहमीचे फ्रेश क्रीम फेटून फुलत नसले तरी येथे उत्तम चालते. क्रीम उकळू न देता, कडेला बारीक बुडबुडे दिसताच बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे हात लावू नये आणि मग मधोमध लहान वर्तुळात ढवळत बाहेर यावे. तेल सुटून मिश्रण फाटल्यासारखे दिसले, तर चमचा-चमचा कोमट दूध घालत ढवळल्यास ते पुन्हा जुळते. आवरणाचे गनाश श्रीखंडाइतके दाट झाल्यावरच वापरावे.

गार केकच्या कडेला मध्यावर चारपाच टूथपिक टोचाव्यात आणि त्यांच्या आधाराने, केक फिरवत फिरवत, दातेरी सुरीने प्रत्येकाचे दोन थर करावेत. थरांवर साखरेचा पातळ पाक ब्रशने लावावा, कारण फ्रिजमुळे केक थोडा कोरडा पडतो. त्यानंतरची एक पायरी बहुतेक जण गाळतात: आवरणाचे दाट गनाश शंकूच्या आकाराच्या पायपिंग पिशवीत भरून थराच्या काठाने त्याचे बोटभर रुंद कडे काढावे आणि सारण त्या कड्याच्या आतच पसरावे, म्हणजे वरच्या थरांच्या वजनाने ते बाहेर ओघळत नाही. सर्वांत वर येणारा थर भांड्याच्या तळाकडची सपाट बाजू वर करून ठेवावा.

केकभर गनाशचा पातळ हात फिरवून चुरा दाबून टाकावा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि मगच उरलेले गनाश लावून कोमट पाण्यात बुडवून पुसलेल्या स्पॅट्युलाने गुळगुळीत करावे. वाढण्यापूर्वी तासभर केक बाहेर काढावा, उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, दर कापानंतर पुसून घ्यावी.