आईवडिलांचं घर आवरायला घेण्याआधी

आई गेल्यावर तिचं घर मी दोन दिवसांत आवरून टाकलं. त्यानंतर ताई माझ्याशी आठ महिने बोलली नाही. ज्यांच्यावर आता ही वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मृत्यूचा दाखला लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, किती लागतात ते नसतं. बँक, विमा, पेन्शन, घराची नोंद, जो तो वेगळी प्रत मागतो. 10 प्रती एकदमच काढा. दाखल्यावरचं नाव घराच्या कागदांवरच्या आणि बँकेतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते तिथेच उभं राहून तपासा.

पण घरातली पहिली वस्तू जागेवरून हलण्याआधी फोटो काढा. प्रत्येक कपाट उघडून, प्रत्येक खण बाहेर ओढून. सगळ्या भावंडांना पाठवा आणि थांबा. मी दागिने, ठेवी, घराचे कागद यांची यादी अगदी चोख केली होती. शिलाई मशीन आणि तिच्या खणातलं सगळं मात्र जुनं म्हणून देऊन टाकलं. त्या खणात आईची कात्री होती. ताई त्याच कात्रीने पहिला फ्रॉक बेतायला शिकली होती. मला हे माहीत नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. ती त्या दोघींमधली गोष्ट होती. म्हणूनच तर विचारायला हवं होतं. कात्री पुन्हा मिळाली नाही.

गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. कुठला हप्ता कापला जातोय, कुठली पॉलिसी चालू होती, हे त्यावर येणाऱ्या मेसेजमधूनच कळतं. मात्र कार्डाचा पिन माहीत आहे म्हणून खात्यातून पैसे काढू नका, अंत्यविधीच्या खर्चालासुद्धा नाही. तो आकडा पुढे स्टेटमेंटमध्ये सगळ्यांना दिसतो, आणि मग खर्च खरा असला तरी उत्तरं देत बसावं लागतं. खर्च स्वतःच्या खिशातून करा, पावत्या ठेवा, एका वहीत लिहा. वही कोणालाही कधीही बघता आली पाहिजे.

मृत्युपत्र कपाटात, लॉकरमध्ये, वकिलाकडे, पुस्तकांच्या पानांतही शोधा. सापडलं तर सगळ्यांना एकाच दिवशी प्रत द्या. एकाला आधी कळलं आणि दुसऱ्याला नंतर, एवढ्यावरून घरं तुटतात. दोन निघाली तर तारखा बघा, कायदेशीर रीतीने केलेलं शेवटचं धरलं जातं. नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे पैसा त्याचाच, असं समजू नका. बऱ्याचदा तो फक्त रक्कम ताब्यात घेतो, वाटणी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच होते. हे वकिलाकडून सगळ्यांच्या समोर ऐका. आणि पहिल्या महिन्यात हक्क सोडण्याच्या कागदावर कोणाचीही सही घेऊ नका. रडत्या माणसाने केलेली सही पुढे कोणालाच लाभत नाही.

आधी देणी, मग वाटणी. कर्ज, दवाखान्याचं बिल, त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र. शेवटची वर्षं ज्याने किंवा जिने आईवडिलांना सांभाळलं, त्यांचा विषय टाळू नका. तो टाळला की प्रत्येक भांड्यावरून तोच वाद वेगळ्या नावाने सुरू होतो. त्यांनी केलेला खर्च आणि सोडलेली कामं उघडपणे बोला, आणि काही द्यायचं ठरलं तर वाटणीआधी द्या.

वस्तूंची वाटणी पाळीने करा. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा: पहिल्या फेरीत 1, 2, 3, दुसरीत 3, 2, 1. महागाच्या वस्तूंची किंमत बाहेरच्या माणसाकडून एकाच दिवशी काढून घ्या. वहिनी, मेहुणे यांनी मत द्यावं की नाही, ते आधीच ठरवा. पण पाळी सुरू करण्याआधी फोटो सगळ्यांनी पाहिलेत ना? परदेशातल्या भावाने? फोन न उचलणाऱ्या बहिणीने? ‘तिला काही नको असेल’ हे तुमचं वाक्य आहे, तिचं नाही. मीही हेच म्हणालो होतो. विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

जुने फोटो, पत्रं स्कॅन करून सगळ्यांना द्या. कागद वर्षभर तरी फाडू नका, चुरगळलेल्या पावतीतूनही मुदत ठेव निघते. कपडे, भांडी, पुस्तकं जमेल तशी. वीज, गॅस, इंटरनेट शेवटी. किल्ल्या कोणाकडे किती, ते वहीत लिहा.

घर रिकामं करणारी माणसं येण्याच्या आदल्या रात्री तो फोटोंचा मेसेज पुन्हा उघडा. ज्याने उत्तर दिलेलं नाही त्याला फोन करा. उचलला नाही, तर माणसांना दुसऱ्या दिवशी यायला सांगा.