छंदाच्या ग्रुपमधले विषय कसे लावायचे: मालवणातला आमचा अनुभव

गुहागरच्या एका मुलीने मागच्या महिन्यात विचारलं, ताई आम्ही पण किनारा बघायचा ग्रुप चालू केलाय, फोटो नुसते साचत चाललेत, विषय कसे पाडायचे? तिला फोनवर अर्धा तास सांगितलं तरी बरंच राहिलं, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते, नवीन सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आमचा छंद म्हणजे ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात जायचं, दिसेल ते बघायचं, फोटो काढायचा, हात न लावता परत यायचं आणि मग ते काय होतं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. चिवला, दांडी, तारकर्ली, कधी कुणकेश्वरपर्यंत. आधी एकच ग्रुप होता आणि त्यात सगळं एकत्र, कोणाचा खेकडा, कोणाची गुड मॉर्निंग, कोणाचं "उद्या किती वाजता". डिसेंबरात कोणी सुंदर समुद्रफुलाचा (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) फोटो टाकला असेल तर मार्चमध्ये तो सापडायचाच नाही, आणि नवा माणूस तोच प्रश्न परत विचारायचा, जुनी माणसं कंटाळून उत्तर द्यायची बंद व्हायची. ग्रुप मरतो तो असा.

मग मी विषय पाडायला बसले. मी झूऑलॉजीत बीएस्सी केलेलं, कॉलेजचं पुस्तक काढलं आणि एका रात्रीत एकोणीस विषय केले, प्राण्यांच्या शास्त्रीय गटांच्या नावांनी, पोरिफेरा, निडारिया, मॉलस्का, त्यात परत गॅस्ट्रोपोडा वेगळा, बायव्हाल्व्हिया वेगळा, एकदम शास्त्रशुद्ध. पंधरा दिवसांनी बघते तर जवळजवळ सगळे फोटो "इतर" मध्ये! मला वाईट वाटलं, पण लोकांचं काहीच चुकलं नव्हतं. ओल्या कातळावर उभा असलेला माणूस, समोर काहीतरी चिकटलेलं आहे, त्याला त्या प्राण्याचा शास्त्रीय गट कुठून माहीत असणार, तो माहीत नाही म्हणूनच तर फोटो टाकतोय. बार्नॅकलचंच घ्या, खडकाला चिकटलेले ते पांढरे टोकदार बारके डोंगर, हात घासला तर सोलून निघतो. दिसायला शिंपल्याचा भाऊ, प्रत्यक्षात नातं कुर्ली-कोळंबीशी. अहो मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा त्याला शंख-शिंपल्यांतच धरायचे, १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्याच्या पिल्लांवरून दाखवून दिलं तेव्हा कुठे जागा बदलली. जिथे शास्त्रज्ञ इतकी वर्षं चुकले तिथे नवख्याने पहिल्याच दिवशी बरोबर डबा निवडावा अशी अपेक्षा मी करत होते.

वाट दाखवली ती माझ्या आत्याने. ती सगळं आयुष्य मुळे, खुबे, कालवं असे खायचे शिंपले काढायला गेलेली. मी तिला मोबाईलवर फोटो दाखवून विचारायचे, आत्या हे काय गो? ती फोटोकडे धड बघायचीच नाही, पहिल्यांदा म्हणायची, "खंय गावला ता आधी सांग, मगे नाव सांगतंय." दर वेळी हेच. कुठे मिळालं हे कळलं की तिच्या डोक्यात निम्मी नावं आपोआप बाद व्हायची, खडपातलं पुळणीत (वाळूत) नसतं आणि पुळणीतलं चिखलात नसतं. तेव्हा लक्षात आलं की विषय असा हवा, ज्याचं उत्तर फोटो काढणाऱ्याला नक्की माहीत आहे. नाव माहीत नसेल, पण आपण कुठे उभे होतो हे प्रत्येकाला माहीत असतंच.

एकोणीसचे सहा झाले. खडप, पुळण, खाडी (चिखल आणि कांदळवन त्यातच), वाहून आलेलं, हे चार जागेचे, आणि "ह्यां काय आसा?" व "कधी जायचं" हे दोन कामाचे. यातला "कधी जायचं" मी जवळजवळ घेतलाच नव्हता, आज सर्वात जास्त वाचला जातो तो तोच. कारण भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीला पाणी समुद्रात खूप मागे जातं आणि खालचं खडप उघडं पडतं, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी फारसं मागे हटत नाही, तेव्हा गेलात तर फार काही दिसत नाही. नवा माणूस भांगाला जातो, काही दिसत नाही, आणि छंदच सोडतो. म्हणून हा विषय सगळ्यात वर ठेवा.

आता भांडणाची गोष्ट. एकाने हर्मिट क्रॅबचा फोटो टाकला, शंखात राहणारा खेकडा. तेव्हा आमच्याकडे "शंख" आणि "खेकडे" असे दोन विषय अजून शिल्लक होते, एक म्हणे शंख दिसतोय ना मग शंखात, दुसरा म्हणे आत राहतो कोण, आणि फोटो इकडून तिकडे तीन वेळा हलला, एक चांगला माणूस ग्रुप सोडून गेला. खरं तर दोघंही बरोबर होते. गोष्ट ठेवायला जागा एकच असते पण तिच्यावर चिठ्ठ्या हव्या तेवढ्या लावता येतात, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आता फोटो जातो "खडप" मध्ये आणि टॅग लागतात #शंख #खेकडा #चिवला #जानेवारी. शोधणारा कुठल्याही बाजूने येऊ दे, सापडतं. तुमचं कुठे भांडण होत असेल ना, तर बहुतेक तिथे विषय नको, टॅग हवा.

नावांचं पण तेच. आमच्याकडची कुर्ली रायगडात चिंबोरी होते, तिसऱ्यांना कोणी शिवल्या म्हणतं कोणी शिंपल्या. कोणाचंही नाव खोडू नका प्लीज, ते माणसाला लागतं. सगळी गावाची नावं टॅग म्हणून राहू देत आणि सोबत एक शास्त्रीय नाव, म्हणजे सगळी एकत्र बांधली जातात. नुसतं "कवडी" म्हटलं तर किती प्रकार, पण मोनेटारिया मोनेटा म्हटलं की जगभर एकच, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं "मोनेटा" अजून तसंच आहे. ओळख पक्की कधी धरायची याला आम्ही आयनॅचरलिस्टची (निसर्गातल्या नोंदी टाकून ओळख पटवायची वेबसाइट) पद्धत उचलली, ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशपेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं तरच #पक्कं, एकट्या ॲडमिनच्या शब्दावर नाही, माझ्याही नाही.

नवा विषय कधी काढायचा? कोणीतरी मागितला म्हणून लगेच नाही. एकच प्रकार सारखा दुसऱ्यात अडचण करायला लागला की. "वाहून आलेलं" मधून पावसाळ्यात ब्लू बॉटल वेगळं काढावं लागलं, कारण ती जेलीफिशसारखी दिसते (खरं तर ती जेलीफिश नाही, अनेक जीवांची वसाहत आहे) आणि किनाऱ्यावर मेलेली पडली असली तरी तिचा दंश होतो, मुलं उचलायला जातात, तो इशारा फोटोंच्या ढिगात हरवून चालणार नव्हता. आणि "इतर" ठेवा, पण महिन्याला एकदा उघडून बघा, त्यात काय साचतंय त्यावरून कुठला विषय कमी पडतोय ते कळतं.

एक टॅग मात्र आम्ही मुद्दाम काढून टाकला, नेमक्या जागेचा. ऑलिव्ह रिडले कासवाचं घरटं, समुद्रघोडा, समुद्रकाकडी, प्रवाळ, यांचं फक्त गाव लिहायचं, लोकेशन नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने यांना संरक्षण आहे, आणि इथे तर १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. आपण हौसेने लावलेल्या टॅगचा हात धरून कोणी उचलायला आला तर काय करायचं? म्हणून विषय पाडताना "हे कोण कोण वाचणार" हे पण विचारा, आम्ही ते उशिरा विचारलं.

गुहागरवाल्या मुलीला मी शेवटी एवढंच करायला सांगितलं: विषय ठरवायच्या आधी पन्नास फोटो प्रिंट करून जमिनीवर पसर आणि ग्रुपमधल्या सगळ्यात नवीन तीन जणांना त्यांचे ढीग करायला सांग, तू मध्ये बोलू नको. ढिगाला ते जे नाव देतील तेच विषयाचं नाव. आम्ही हे केलं तेव्हा आत्या पण येऊन बसली होती, तिने एका ढिगावर हात ठेवून "ह्यां सगळा व्हावान इलेला" (हे सगळं वाहून आलेलं) म्हटलं, आणि आमच्या ग्रुपमध्ये त्या विषयाचं नाव आजही "व्हावान इलेला" असंच आहे, पुण्या-मुंबईची माणसं पण आता तसंच लिहितात.