भिंतीची ओल मोजणारे मीटर: निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

सोयाबीन विकताना ओलाव्याचा १२ टक्क्यांचा आकडा विदर्भातील शेतकऱ्याच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की, घराच्या भिंतीला मीटर लावल्यावरही तो त्याच पट्टीने निकाल देऊ पाहतो. सर्वांत मोठी चूक हीच. दोन सुयांची बहुतेक स्वस्त मीटरे लाकडासाठी जुळवलेली असतात. सुयांमधील विद्युत रोध मोजून ती लाकडातील ओलाव्याची टक्केवारी दाखवतात. विटेवर किंवा सिमेंटच्या गिलाव्यावर '२०' हा आकडा दिसला, म्हणजे भिंतीत २० टक्के पाणी आहे असे नव्हे. धान्याचे मीटर तर या कामाचेच नाही. विकत घेताना बांधकाम साहित्यासाठी वेगळी तुलनात्मक पट्टी असलेले मीटर पाहावे, घरातील खात्रीने कोरड्या असलेल्या आतल्या भिंतीवरील आकडा आधी लिहून ठेवावा आणि बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात याहून फसवी अडचण येते. खाऱ्या पाण्यात कालवलेला माल किंवा जमिनीतून चढलेला क्षार भिंतीत साठतो आणि पांढरा लोणा फुटतो. क्षारामुळे वीज सहज वाहते, त्यामुळे भिंत बरीचशी वाळलेली असली तरी मीटरचा काटा वर चढतो आणि घरमालक नसलेली गळती शोधत छत फोडतो. यात आणखी एक मेख आहे: काही क्षार पावसाळी हवेतील बाष्प शोषून घेतात, म्हणजे गळती नसतानाही भिंत खरोखरच दमट होते. सुया न टोचता सपाट पट्टी भिंतीला नुसती टेकवून ओल दाखवणारे मीटर घेतल्याने क्षाराचा परिणाम कमी होतो, पण पूर्णपणे टळत नाही. शंका उरल्यास भिंतीत ड्रिल सावकाश चालवून विटेचा भुगा घट्ट झाकणाच्या डबीत घ्यावा, सोनाराच्या काट्यावर तोलावा, सुमारे १०५ अंश सेल्सिअसला वाळवून पुन्हा तोलावा. क्षार उडून जात नाही. वजनात आलेली घट ही पाण्याचीच असते.

या टेकवायच्या मीटरची स्वतःची खोडही सांगायला हवी. गिलाव्याखालची जाळी, सळई किंवा विजेची नळी आली की ते ओल नसतानाही ओल दाखवते, आणि खडबडीत भिंतीवर नीट टेकत नसल्यामुळे कमी आकडा देते. सारवलेल्या मातीच्या भिंतीसाठी सुयांचेच बरे, मात्र सारवण ताजे असताना घेतलेला आकडा सारवणाचा असतो.

एकदाच मोजून निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. जमिनीपासून एक, दोन, तीन आणि पाच फुटांवर पेन्सिलने खुणा कराव्यात आणि दर पंधरवड्याला त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी मोजून तारखेसह वहीत नोंदवावे. खाली जास्त आणि वर उतरता आकडा असल्यास ओल पायातून चढत असण्याची शक्यता अधिक. वर जास्त असल्यास छत, तर मध्येच एका जागी जास्त असल्यास नळाची जोडणी आधी तपासावी. मे महिन्यातील कडक उन्हात पृष्ठभाग वाळतो, पण जाड भिंतीचा गाभा ओला राहू शकतो, म्हणून तेव्हाचा कमी आकडा पाहून लगेच ऑइलपेंट चढवू नये. पावसाळ्यानंतरच्या नोंदी हाती येईपर्यंत चुन्याचा हात पुरेसा आहे. आकडे एकाएकी विचित्र येऊ लागले, तर भिंतीला दोष देण्याआधी मीटरची बॅटरी बदलून पाहावी.