राउटर टेबलचा टॉप: शीट निवडताना या चुका टाळा

राउटर टेबल म्हणजे लाकडात खाचा पाडणारा राउटर ज्याच्या खाली उलटा टांगलेला असतो ते टेबल. त्याच्या टॉपने सपाट राहिलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. मध्यभागी झोळ असेल तर लांब पट्टीतली खाच टोकांना खोल आणि मधे उथळ येते, आणि आपण बिटची (राउटरच्या फिरत्या पात्याची) उंची तपासत बसतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे एमडीएफला (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डला) फक्त वरून लॅमिनेट लावणं. खालची उघडी बाजू हवेतला ओलावा पिऊन फुगते, वरची बंद असते. टॉप बशीसारखा खोलगट होतो. दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचं लॅमिनेट लावा. कडा आणि राउटरसाठी कापलेल्या भोकाच्या आतल्या बाजूही सीलरने बंद करा, कारण एमडीएफ ओलावा सर्वांत जास्त कडेने ओढतं.

दुसरी चूक, एकच १८ मिमीची शीट. जड राउटर टांगला की भोकाभोवती ती खचत जाते. दोन शीट चिकटवून ३६ मिमी करा. जाडी दुप्पट झाली की ताठपणा साधारण आठपट होतो. चिकटवताना खाली अगदी सपाट पृष्ठभाग हवा, कारण गोंद सुकताना असलेला बाक तसाच पक्का होतो. खालून ३० मिमीचे स्क्रू लावत असाल तर खालच्या शीटला आरपार मोकळं भोक आणि वरच्या शीटला पायलट भोक (स्क्रूपेक्षा बारीक भोक) पाडा. नाहीतर स्क्रूभोवती एमडीएफ फुगून वर येतं आणि दोन शीटमध्ये फट राहते.

प्लायवूड स्क्रू छान धरतो, पण बऱ्याचदा त्याला मुळातच पीळ असतो. स्वस्त प्लायमध्ये आत पोकळ्याही असतात. इन्सर्ट प्लेटची (राउटर जिला लटकतो त्या प्लेटची) खाच नेमकी पोकळीवर आली तर तो कोपरा दबतो. पार्टिकल बोर्ड नकोच, खाचेचा काठ भुगा होऊन सुटतो. ॲक्रिलिकची प्लेटही राउटरच्या वजनाने हळूहळू वाकते. ६ मिमी ॲल्युमिनियम घ्या.

माइटर स्लॉट (टॉपमधली सरकत्या गेजची लांब खाच) शक्यतो टाळा. ३६ मिमीच्या टॉपलाही तो कमजोर करतो, आणि फेन्सला (टॉपवरच्या सरळ आधारपट्टीला) टेकवून सरकवलेला काटकोनी ठोकळा तेच काम करतो.

टॉप आधीच झुकला असेल तर सरळ पट्टी दोन्ही कर्णांवर उभी धरून मागून उजेड पाडा. झोळ कुठे आहे ते कळलं की टॉपच्या खालून राउटरच्या दोन्ही अंगांना कडक लाकडाच्या सरळ पट्ट्या उभ्या बसवा, आणि स्क्रू आवळण्याआधी झोळाच्या जागी पट्टी आणि टॉपच्या मधे पातळ चकत्या घाला.