लेगोचा ट्रक बसतो, झुकतो, चाक उचलतो? सस्पेन्शनच्या या चुका टाळा

ट्रक पुढून ताठ, मागून बसलेला. मोटर चालू केली की एका अंगावर कलतो, आणि लाटण्यावरून नेला (आमच्या घरी स्पीडब्रेकर म्हणजे लाटणंच) तर एक चाक हवेत. लेगो टेक्निकचा (गिअर-मोटरवाल्या लेगोचा) ट्रक पुस्तिकेशिवाय, स्वतःच्या डोक्याने बांधणाऱ्यांना हे नवीन नाही. अशा वेळी हात आधी जातो तो शॉकअपकडे. पिवळ्या स्प्रिंगचे कडक शॉकअप आणायचे, दोनाच्या जागी चार ठोकायचे. मीही तेच केलं होतं. ट्रक उभा राहिला खरा, पण पाटासारखा. सस्पेन्शन नावालाच उरलं.

स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी शॉकअप काढून बघा

सगळे शॉकअप काढा, चेसिस हातात उचलून धरा, एक्सल (चाकांचा आडवा आस) वर ढकला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. मध्येच अडकून राहिला तर जगातली कुठलीही स्प्रिंग तुमचं काम करणार नाही.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा पिन असते. दोन स्टडची (स्टड म्हणजे लेगोवरची गोल गाठ, लांबी त्यावरूनच मोजतात) काळी आणि तीन स्टडची निळी पिन मुद्दाम घट्ट बनवलेली असते. ती चौकट जोडायला. हलणाऱ्या सांध्याला दोन स्टडची करडी किंवा तीन स्टडची फिकट बदामी पिनच हवी, ती सैल फिरते. माझ्या एका टिपरची डावी मागची बाजू दाबली की वर यायचीच नाही. तीन दिवस मी त्या बाजूच्या स्प्रिंगला शिव्या दिल्या. शेवटी उलटा करून बघितलं, तर सहा सांध्यांपैकी एकात निळी पिन तशीच राहिलेली. अंधाऱ्या खोलीत, रात्री साडेबाराला बांधकाम केलं की असं होतं.

पिना ठीक असतील तर बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी छोटी कडी, बघा. बीमला (भोकांच्या पट्टीला) चिकटवून दाबलेला बुश ब्रेकसारखा वागतो. मध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवा.

शॉकअप कुठे टेकतो?

इथे गणित थोडं फसवं आहे. चाक ज्या बिजागरीवर वरखाली झुलतं ती बिजागरी आणि चाक यांच्या बरोबर मध्ये शॉकअप लावला, तर चाकाला स्प्रिंगचा कडकपणा निम्मा मिळत नाही, पाव मिळतो. कारण चाक १६ मिमी वर गेलं तर स्प्रिंग ८ मिमीच दबते, आणि तिचा जोरही चाकापर्यंत निम्माच पोचतो. निम्म्याचं निम्मं.

याचा फायदाही घेता येतो. चाक बिजागरीपासून सहा भोकं दूर असेल आणि शॉकअप तिसऱ्या भोकावरून चौथ्यावर सरकवला, तर तीच स्प्रिंग जवळजवळ पावणेदोनपट कडक होते. एक भोक म्हणजे ८ मिमी, खर्च शून्य. शॉकअप होईल तितका उभा ठेवा. आडवा कलला की जोर वाया जातो.

मागचा भाग बसत असेल तर किचनचा वजनकाटा आणा. मागची चाकं काट्यावर, पुढची तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर. सहा सेलचा बॅटरी बॉक्स मागच्या एक्सलवर लादलेला असेल तर आकडा लगेच चुगली करतो. बॉक्स केबिनखाली सरकवा.

उभा असताना सरळ, चालताना वाकडा

पुढे जाताना डावीकडे कलतो आणि रिव्हर्सला उजवीकडे? मग स्प्रिंगा निर्दोष आहेत. प्रोपेलर शाफ्ट (मोटरचा जोर एक्सलपर्यंत नेणारा दांडा) ज्या जोराने फिरतो, तो जोर अख्ख्या एक्सललाच पिळतो. एका बाजूचा शॉकअप दबतो, दुसऱ्या बाजूचं चाक हलकं होतं. कडक स्प्रिंग घालून हे झाकता येतं, बरं करता येत नाही. गती कमी करणारे गिअर शाफ्टच्या आधी न ठेवता नंतर, एक्सलमध्ये किंवा थेट चाकाशी ठेवा. मग शाफ्ट जास्त वेगाने पण कमी जोराने फिरतो. २०११ च्या युनिमॉग ट्रकच्या संचातले (क्र. ८११०) पोर्टल एक्सल, म्हणजे चाकाजवळच गिअर असलेले एक्सल, त्यासाठी बघण्यासारखे आहेत. २०१९ च्या ४२०९९ क्रमांकाच्या संचात तर चाकाच्या हबातच ग्रहमालेसारखे गिअर आहेत.

कट-कट आवाज येऊन गिअर दात सोडत असेल तर युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारा शाफ्टचा सांधा) तपासा. एक्सल ज्या रेषेवर वरखाली झुलतो, त्याच रेषेवर जॉइंटचं केंद्र हवं. अर्ध्या स्टडचा फरक पडला तरी झुलताना शाफ्टला लांब-आखूड व्हावं लागतं. ते जमत नाही, म्हणून तो गिअरमधून बाहेर येतो किंवा सस्पेन्शनच अडवतो. शाफ्टवर दोन जॉइंट असतील तर मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच दिशेत बसवा, नाहीतर चाकं गचके देत फिरतात.

मागचे दोन एक्सल

दहा चाकी डंपरमध्ये प्रत्येक मागच्या चाकाला वेगळा शॉकअप देऊ नका. उंचवट्यावर एकच एक्सल सगळं ओझं घेतो, दुसरा लोंबकळतो. रस्त्यावरच्या खऱ्या डंपरखाली वाकून बघा: अनेकांत स्प्रिंगच्या पाट्यांचा एकच जुडगा मध्यावर टेकलेला असतो आणि त्याची टोकं दोन एक्सलवर. मॉडेलमध्येही दोन्ही बाजूंना मध्यावर झुलणारा एकेक बीम द्या. पुष्कळदा स्प्रिंग लागतच नाही.

आणखी एक: लांब चेसिस स्वतःच पिळत असेल तर शॉकअपला काही काम उरत नाही. दोन टोकं धरून टॉवेलासारखी पिळून बघा. वळली, तर आडवे बीम घालून तिची पेटी करा.

ट्रक कपाटावर ठेवताना चेसिसखाली दोन ठोकळे सरकवा. महिनोन्महिने वजन पेलून प्लास्टिकचे एक्सल वाकतात, आणि मग पुन्हा चाचणीच्या वेळी आपण स्प्रिंगलाच दोष देतो.